पन्नाशीनंतरची परीक्षा

बालाघाटात परीक्षा ही लेकरांची बाब समजली जाते. फाल्गुनातले वारे वाहू लागले, की घराघरांतून दहावी-बारावीची पुस्तके उघडी पडतात, टीव्ही मुके होतात आणि आया रात्री अकरा वाजता चहाचे आधण ठेवतात. आमच्या घरी मात्र यंदा ही रीत उलटी झाली आहे. पुस्तक माझ्यापुढे उघडे असते आणि आधण आमचे यजमान ठेवतात. वयाच्या बावन्नाव्या वर्षी, लेकीचे लग्न होऊन ती पुण्याला गेल्यावर आणि मुलगा नागपुरात नोकरीला लागल्यावर, मी परीक्षेला बसायचे ठरवले आहे.

परीक्षा कसली, हे सांगितल्यावर मात्र ऐकणाऱ्याची थोडी पंचाईत होते. संगीत विशारदची असती, एम. ए.ची राहून गेलेली असती, तर लोकांनी मोकळ्या मनाने कौतुक केले असते. ही परीक्षा आहे दुसऱ्याला व्यायाम शिकवणाऱ्याची! इंग्रजीत त्याला 'पर्सनल ट्रेनर' म्हणतात. मी आपली 'व्यायाम-मार्गदर्शक' म्हणते. अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइज नावाची, १९८५ साली स्थापन झालेली संस्था ती घेते. संगणकापुढे बसून तीन तासांत दीडशे प्रश्नांची उत्तरे द्यायची. गुण दोनशे ते आठशे या मापावर मोजतात आणि पाचशे मिळाले म्हणजे उत्तीर्ण. त्याखेरीज, बंद पडलेले हृदय हातांनी दाबून रक्ताभिसरण चालू ठेवण्याचे, म्हणजे सी.पी.आर.चे प्रमाणपत्र जवळ असावे लागते. आपल्या देशातही कौशल्य-विकासाच्या राष्ट्रीय चौकटीत फिटनेस ट्रेनरचा अभ्यासक्रम आहे. परंतु कोणी व्यायाम शिकवायचा म्हटला तर कायद्याने प्रमाणपत्राची सक्ती नाही. मग सक्ती नसता हा उपद्व्याप कशासाठी, असे आमच्या शेजारणीनेही विचारले आणि वाचकांच्याही मनात येईल. त्याचे उत्तर देण्यासाठीच हे चार शब्द लिहीत आहे.

माझे माहेर अमरावतीचे. अमरावतीकराला व्यायामाचे वेगळे सांगावे लागत नाही. अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी १९१४ साली तेथे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. त्या मंडळाच्या पथकाने १९३६ साली ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनला जाऊन कबड्डी आणि आपले देशी खेळ जगाला करून दाखवले. १९४९ साली मंडळाचे खेळाडू स्टॉकहोमच्या लिंगियाड महोत्सवातही गेले होते. लहानपणी उन्हाळ्याच्या सुटीत आम्हां मुलींना लेझीम आणि सूर्यनमस्कार असत. ताल चुकला की शिक्षक नुसते बघत आणि तेवढे बघणे पुरेसे होई! लग्न होऊन बालाघाटला आले तेव्हा सामानाच्या पेटीत लेझीमही आली होती. गेली चार वर्षे आमच्या वस्तीतील आम्ही तेरा जणी सकाळी सहा वाजता मंडळाच्या सभागृहात व्यायामासाठी जमतो. अमरावतीची म्हणून पुढे उभे राहण्याचा मान आपसूकच माझ्याकडे आला.

हा मान आणि त्यामागची जबाबदारी यांतले अंतर कळण्यास एक निमित्त घडले. आमच्यातल्याच एका भगिनीने मध्यंतरी गावातल्या एका नव्या व्यायामशाळेत नाव घातले होते. पहिल्याच दिवशी तिच्याकडून वीस मिनिटे उड्यांचे प्रकार करून घेतले. ती रक्तदाबाची गोळी घेते की नाही, हे तिला कोणी विचारले नाही. तिला भोवळ आली, खाली बसली, पाणी पिऊन घरी आली. पुढे काही विपरीत घडले नाही. त्या व्यायामशाळेला दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही. परत आमच्यात आल्यावर तिने मला जे विचारले ते सांगायचे आहे. ती म्हणाली, "ताई, विचारायला हवे होते हे मला कळते. पण नेमके काय काय विचारायला हवे होते?" या प्रश्नाचे पूर्ण उत्तर मला हवे होते आणि ते पुस्तकातच मिळणार होते.

दुसरे निमित्त घरातलेच. आमच्या सासूबाई दोन वर्षांपूर्वी न्हाणीत पडल्या. खुब्याचे हाड मोडले, नागपूरला शस्त्रक्रिया झाली. हाड जुळले, पण धीर काही जुळेना. खुर्चीवर बसवले की त्या उठायला धजत नसत. ज्या बाईने पन्नास वर्षे जमिनीवर बसून स्वयंपाक केला, ती उठताना दोन माणसांचे हात मागू लागली. भौतिकोपचार करणाऱ्या डॉक्टरांनी तीन महिने शिकवले आणि "आता रोज करत राहा" असे सांगून निरोप दिला. 'रोज करत राहा' या तीन शब्दांत काय काय भरायचे, ते मात्र आमच्यावर आले.

पुस्तक मुलाने नागपूरहून पाठवले. ते वजनाला इतके होते, की यजमान म्हणाले, "वाचले नाही तरी नुसते रोज उचललेस तरी व्यायाम होईल." पहिला अडसर अर्थातच भाषेचा. बालाघाटच्या मराठी माणसाची भाषेची कथा सर्वांना ठाऊक आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, शेजारचा भंडारा जिल्हा मुंबई राज्यात गेला. गोंदिया तेव्हा भंडाऱ्यातच होते. बालाघाट मध्य प्रदेशात राहिले. तेव्हापासून आमची कचेरी हिंदीत, शाळा हिंदीत आणि चूल मराठीत. आता या दोहोंच्या जोडीला इंग्रजी पुस्तक आणि त्या इंग्रजीच्या पोटात लॅटिन अन् ग्रीक! पहिले दोन महिने रोज वीस शब्द वहीत लिहिण्यात गेले.

पण भाषेने जितके अडवले तितकेच रिझवलेही. मांडीवरून तिरपा जाणारा एक लांब स्नायू आहे, त्याचे नाव सार्टोरियस. लॅटिनमध्ये 'सार्टर' म्हणजे शिंपी. शिंपी मांडी घालून बसतो, त्या बैठकीला उपयोगी पडणारा म्हणून हे नाव. आमच्या वारासिवनीच्या बाजारात मशीन नसलेल्या काळी जे शिंपी मांडी घालून टाके घालीत, त्यांचीच आठवण त्या परक्या शब्दात निघाली. पायाच्या मागच्या स्नायूला गॅस्ट्रोक्नेमियस म्हणतात; ग्रीक भाषेत त्याचा अर्थ पायाचे पोट. आणि आपण त्या भागाला काय म्हणतो? पोटरी! हजारो मैलांवरच्या माणसांनीही पाय मागून पाहिला आणि त्यांनाही तेथे पोटच दिसले. असे एखादे साम्य सापडले, की तो शब्द पुन्हा पाठ करावा लागत नसे.

माझ्या मनात आरंभी एक शंका होती, ती येथे मांडली पाहिजे. आपल्याकडे व्यायामाचे शास्त्र नव्हते थोडेच! बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी १९३६ ते १९४९ या काळात 'व्यायाम ज्ञानकोशा'चे दहा खंड मराठीत काढले. जोर, बैठका, कुस्ती, मल्लखांब यांचा एवढा साक्षेपी संग्रह दुर्मिळच. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापून योगक्रियांची प्रयोगशाळेत परीक्षा केली. आपल्या मध्य प्रदेशात ग्वाल्हेरला १९५७ साली, सत्तावन्नच्या संग्रामाच्या शताब्दीच्या वर्षी, राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय निघाले. एवढे असताना अमेरिकेच्या पुस्तकाकडे का जावे?

अभ्यास करता करता याचे उत्तर मला सापडत गेले. आखाड्यात येणारा मुलगा सोळा-सतरा वर्षांचा असे. त्याला वस्ताद वर्षानुवर्षे रोज पाहत. कोणाची छाती कमकुवत, कोणाचा गुडघा दुखरा, कोणाच्या घरी दूध मिळत नाही, हे वस्तादांना न विचारता ठाऊक असे. विचारण्याची गरज पडू नये एवढा सहवास होता. आज माझ्यापुढे सकाळी सहा वाजता जी उभी राहते ती पंचावन्न वर्षांची असते, तिला साखरेचा विकार असतो, गुडघा झिजलेला असतो आणि ती डॉक्टरांकडे गेल्याचे घरीही पूर्ण सांगत नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. शिकणारा बदलला म्हणून शिकवणाऱ्याची विद्याही बदलावी लागते. वस्तादांचे वर्षांचे निरीक्षण जेथे उपलब्ध नाही, तेथे त्याची जागा प्रश्नांनी भरून काढायची, एवढाच या नव्या शास्त्राचा गाभा आहे, असे मला वाटते. तो वस्तादांच्या विद्येचा विरोधक नाही. तिचीच पुढची पायरी आहे.

म्हणूनच पुस्तकातला पहिला मोठा धडा बैठकांचा नाही, प्रश्नावलीचा आहे. सत्तरीच्या दशकात कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात सात प्रश्नांची एक साधी प्रश्नावली तयार झाली. तिची सुधारलेली रूपे आज जगभर वापरतात. हृदयाचा विकार असल्याचे डॉक्टरांनी कधी सांगितले आहे का? श्रम करताना छातीत दुखते का? भोवळ येऊन तोल जातो का? हाडासांध्याचे असे काही दुखणे आहे का, जे व्यायामाने वाढेल? रक्तदाबाची किंवा हृदयाची औषधे चालू आहेत का? एखाद्या प्रश्नाला 'होय' आले, की शिकवणाऱ्याने थांबायचे आणि पुढे जाण्याआधी नीट चौकशी करून गरजेप्रमाणे डॉक्टरांचे मत मागायचे.

अभ्यास म्हणून मी हे प्रश्न मराठीत आणि हिंदीत उतरवले, कागदावर छापून घेतले आणि आमच्या तेरा जणींना दिले. मला वाटले होते, जणी हसतील. हसल्याही. पण दुसऱ्या दिवशी भरून आलेले कागद वाचताना माझे हसू मावळले. चार वर्षे जिच्याशेजारी उभी राहून मी हात वर-खाली करत होते, त्या एका भगिनीने लिहिले होते, 'जिना चढताना छातीत भरून येते, थांबले की बरे वाटते.' हे तिने यजमानांना सांगितले नव्हते, सुनेला सांगितले नव्हते. कागदाने विचारले म्हणून कागदाला सांगितले. त्याच दुपारी मी तिच्या घरी गेले आणि हे सांगणे माझ्या अधिकाराबाहेरचे आहे, डॉक्टरांकडे जाणे मात्र आजच करावे, एवढेच बोलले. गोंदियाला तपासणी झाली, पुढे नागपूरला उपचार झाले. तीन महिन्यांनी ती डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन परत आली. चिठ्ठीत हळूहळू चालण्याची परवानगी होती. आता ती सर्वांत शेवटच्या रांगेत, खिडकीजवळ, स्वतःच्या गतीने चालते. त्या सात प्रश्नांची किंमत मला कोणत्याही परीक्षेतल्या गुणांपेक्षा अधिक वाटते.

प्रश्न विचारायला शिकवणारे हे शास्त्र आकडे वाचायलाही शिकवते आणि आकड्यांवर आंधळा विश्वास ठेवू नये हेही शिकवते. उदाहरणच घ्या. हृदयाचे ठोके किती पडू द्यावेत, याचा एक जुना ठोकताळा आहे: दोनशे वीसमधून वय वजा करा. माझे वय बावन्न, म्हणजे कमाल ठोके एकशे अडुसष्ट. १९५७ साली फिनलंडच्या कार्व्होनेन यांच्या संशोधनातून आलेली रीत अशी, की विश्रांतीचे ठोके, समजा बहात्तर, आधी वजा करावेत, उरले शहाण्णव. त्याचे साठ टक्के म्हणजे सुमारे अठ्ठावन्न, त्यात पुन्हा बहात्तर मिळवले की एकशे तीस. एवढ्या ठोक्यांपर्यंत मध्यम व्यायाम. हिशेब मला आवडला, कारण तो स्वयंपाकाच्या प्रमाणासारखा नेटका आहे. पण पुढच्याच पानावर पुस्तक सांगते, की २००१ साली तनाका आणि सहकाऱ्यांनी निराळे सूत्र मांडले: दोनशे आठमधून वयाच्या सात दशांश पट वजा करावे. शहात्तर वर्षांच्या सासूबाईंसाठी पहिल्या सूत्राने एकशे चव्वेचाळीस येतात, दुसऱ्याने सुमारे एकशे पंचावन्न. म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत जुने सूत्र कमीच आकडा देते!

आणि खरी मेख याहून पुढे आहे. रक्तदाबावर दिल्या जाणाऱ्या काही गोळ्या, ज्यांना बीटा ब्लॉकर म्हणतात, हृदयाचे ठोके वाढूच देत नाहीत. अशा माणसाची नाडी मोजून 'अजून पुष्कळ वाव आहे' असे म्हणणारा शिकवणारा त्याला संकटात लोटील. तेथे नाडीऐवजी माणसाला विचारावे लागते, 'किती जड जाते आहे?' स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी सहापासून वीसपर्यंतचा एक मापदंड याच कामासाठी बसवला. त्याहूनही साधी कसोटी अशी: व्यायाम करताना बोलता यावे, पण गाता येऊ नये. आमच्या सभागृहात तर मी ही कसोटी भजनाने लावते. चालताना अभंगाची ओळ सुरात म्हणता येत असेल, तर वेग थोडा वाढवा. बोलताना दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल, तर कमी करा. नाडी मोजण्याचे यंत्र ज्या घरी नाही, त्या घरीही अभंग असतोच.

सासूबाईंच्या बाबतीत मला दुसऱ्या प्रकारचे धडे मिळाले. म्हातारपणी स्नायू झिजतात ते कायमचेच, अशी समजूत फार दिवस होती. १९९० साली अमेरिकेतल्या बोस्टन शहरी एक प्रयोग प्रसिद्ध झाला. शहाऐंशी ते शहाण्णव वर्षे वयाच्या, वृद्धाश्रमात राहणाऱ्या दहा जणांना आठ आठवडे मांडीच्या स्नायूंसाठी वजनांचा व्यायाम दिला. त्यांची शक्ती सरासरीने एकशे चौऱ्याहत्तर टक्क्यांनी वाढली! नव्वदीच्या माणसाला हे साधते, तर शहात्तरीच्या सासूबाई अजून तरुणच म्हणायच्या. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० सालच्या मार्गदर्शनात पासष्टीपुढच्या माणसांनी आठवड्यातून तीन दिवस तोल आणि शक्ती यांचा व्यायाम करावा, म्हणजे पडण्याची भीती कमी होते, असे सांगितले आहे.

हे सारे मी सासूबाईंना उत्साहाने सांगितले. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, "आता या वयात मले कायले उठाबशा करायले लावतेस वं?" येथे पुस्तकातला निराळाच भाग उपयोगी पडला. माणूस सवय बदलतो तो एकाएकी बदलत नाही, टप्प्याटप्प्याने बदलतो, असे प्रोचास्का आणि डिक्लेमेंटे या मानसशास्त्रज्ञांनी मांडले आहे. एक टप्पा असतो, जेव्हा बदलाचा विचारच नसतो. मग विचार येतो, मग तयारी, मग कृती, मग ती टिकवणे. जो विचाराच्याही अलीकडे उभा आहे, त्याला कृतीची आज्ञा दिली तर तो दूर जातो. म्हणून मी उठाबशांचा विषय सोडला आणि एके दिवशी नुसते विचारले, "आई, पुन्हा स्वतःच्या हाताने काय करावेसे वाटते?" त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "वैनगंगेच्या घाटावर जाऊन एकदा दिवा सोडावा म्हणते. पण पायऱ्या उतरवत नाहीत." बस्स, त्या दिवसापासून आमच्या व्यायामाला नाव मिळाले, 'घाटाच्या पायऱ्या'!

डॉक्टरांची परवानगी घेतली आणि कामाला लागलो. वृद्धांची शक्ती मोजण्याची एक सोपी चाचणी आहे. हात छातीवर घडी घालून, तीस सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठता येते ते मोजायचे. पंच्याहत्तर ते एकोणऐंशी वर्षांच्या स्त्रियांसाठी दहा ते पंधरा हे सर्वसाधारण मानतात. सासूबाईंचा पहिला आकडा शून्य आला, कारण हात टेकल्याशिवाय उठताच येत नव्हते. मग आम्ही खुर्चीवर दोन घड्या घातलेल्या सतरंज्या ठेवून बैठक उंच केली. उंच बैठकीवरून उठणे जमू लागले, तशी एक सतरंजी काढली, नंतर दुसरी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात थॉमस डिलॉर्म नावाच्या अमेरिकी लष्करी डॉक्टराने जखमी सैनिकांच्या गुडघ्यांसाठी थोडथोडे वजन वाढवत नेण्याची जी रीत १९४५ साली प्रसिद्ध केली, तीच ही रीत. त्याच्याकडे लोखंडी वजने होती, आमच्याकडे सतरंज्या! दर वेळी उठताना श्वास बाहेर सोडायचा, रोखायचा नाही, कारण श्वास रोखून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो, एवढे पथ्य कसोशीने पाळले. सहा महिन्यांनी आकडा सातावर आला आहे. दहापर्यंत जायला अजून तिघींची गाठ आहे, असे सासूबाई म्हणतात. तीन हा आकडा त्यांच्या बोलण्यात माणसांसारखा येतो.

परीक्षेतला एक भाग असा आहे, जो वाचताना मी मनातून सर्वांत जास्त सावरले. शिकवणाऱ्याने काय करू नये, याची त्यात स्पष्ट मर्यादा घातली आहे. रोगाचे निदान करू नये, औषध सांगू नये, आजाऱ्याला पथ्याचा तक्ता लिहून देऊ नये, दुखऱ्या सांध्यावर उपचार करू नये. आमच्या सभागृहात व्यायाम संपला की निम्म्या जणी मला विचारतात, "साखरेसाठी मेथी किती घ्यावी?" "पावडर घ्यावी का?" "गुडघ्याला कोणते तेल चांगले?" पूर्वी नाही म्हणणे म्हणजे माणूस तोडणे वाटे. आता नाही म्हणण्यामागे शास्त्र आहे आणि ज्याच्याकडे पाठवायचे त्याचे नावही ठाऊक आहे. 'हे मला सांगता येणार नाही, यासाठी अमक्यांकडे जा,' हे वाक्य निःसंकोच म्हणता येणे, हीच मला या अभ्यासाने दिलेली सर्वांत मोठी शक्ती वाटते.

अर्थात पुस्तकात सारेच आहे असे नाही. त्यात वातानुकूलित दालने आहेत, धावण्याचे पट्टे आहेत, आरसे आहेत. मे महिन्यात बेचाळीस अंशांवर तापलेला बालाघाट त्यात नाही. चतुर्थीचा आणि एकादशीचा उपास धरून सहा वाजता रिकाम्या पोटी येणारी, मधुमेहाची गोळी घेतलेली बाई त्यात नाही. गुडघे वाकवू नका असे सांगितले, तर देवापुढे बसायचे कसे, असे विचारणारी आजी त्यात नाही. आणि चिन्नोर तांदळाच्या आमच्या या जिल्ह्यात आषाढात चिखलात वाकून दिवसभर रोवणी करणाऱ्या बायांचा त्यात कोठेच उल्लेख नाही. कंबर न वाकवता खुब्यातून कसे झुकावे, हे शिकवायला पुस्तकाला चार पाने लागली. रोवणीच्या बाया ते रोज करतात, फक्त त्यांना विश्रांती मिळत नाही. व्यायाम कमी पडणे हा एक रोग आणि विसावा कमी पडणे हा दुसरा. पुस्तकाने मला पहिल्याचे ज्ञान दिले, दुसऱ्याचे ज्ञान गावाने दिले. हे दोन्ही जुळवून घेणे हे आमच्यासारख्यांचेच काम आहे, ते अमेरिकेतून कोणी येऊन करणार नाही.

सी.पी.आर.चे शिक्षण मात्र पुस्तकातून होत नाही, त्यासाठी मी नागपूरला गेले. रबराच्या एका पुतळ्याच्या छातीवर दोन्ही तळहात ठेवून, मिनिटाला शंभर ते एकशे वीस या गतीने, दर वेळी किमान पाच सेंटिमीटर खोल दाबायचे; तीस वेळा दाबले की दोन श्वास. माझ्या वर्गात सगळी विशी-पंचविशीची मुले होती. दोन मिनिटांत कपाळावर घाम उभा राहिला. पुतळाच होता, तरी हात थरथरत होते. खिडकीजवळ चालणाऱ्या आमच्या त्या भगिनीचा चेहरा डोळ्यांपुढे होता म्हणून थरथरत होते. १०८ क्रमांकाची गाडी येईपर्यंत जी मिनिटे जातात, ती कोणाच्या तरी हातांत असावी लागतात. ते हात आपले असू शकतात, या जाणिवेने माणूस नम्र होतो.

परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. आता ती घरी बसूनही देता येते. संगणकाच्या डोळ्यातून दूरचा निरीक्षक पाहत असतो आणि त्या वेळात खोलीत दुसऱ्या कोणी पाऊल टाकायचे नाही, असा कडक नियम आहे. सासूबाईंना हा नियम समजावून सांगण्याचे काम यजमानांनी पत्करले आहे. उत्तीर्ण झाले तरी प्रमाणपत्र दोनच वर्षांचे. पुढे टिकवायचे, तर त्या मुदतीत नव्याने वीस तासांचे शिक्षण घ्यावे लागते. हा नियम प्रथम मला जाचक वाटला होता. आता वाटते, की एकदा शिकलो ते जन्मभर पुरते हा समज जेथे धोक्याचा आहे, अशा थोड्या विद्यांपैकी ही एक. जिच्या अंगावर आपण श्रमाची आज्ञा करतो, ती दर वर्षी थोडी बदलत असते. तेव्हा आज्ञा करणाऱ्यानेही बदललेले बरे.

माझ्या कपाटात त्या तेरा कागदांची एक पुडी आहे. ती उत्तरे बारा महिनेच धरायची, नंतर पुन्हा विचारायचे, असा संकेत आहे. चैत्रात वर्ष पूर्ण होईल. परीक्षेचा निकाल कसाही लागो, पाडव्यानंतरच्या सोमवारी सकाळी सहा वाजता मी कोरे कागद घेऊन सभागृहात जाणार आहे. यंदा चौदा छापून घेतले आहेत. चौदावा सासूबाईंचा.